गोव्याचा हिवाळी विमानहंगाम : परवानगीमागचा इतिहास

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते मार्चच्या शेवटच्या रविवारआधीचा शनिवार. जगभरच्या विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक या दोन तारखांच्या मध्ये बसतं. युरोपातली घड्याळं याच सुमारास मागेपुढे होतात, म्हणून त्या तारखा. गोव्याचा परदेशी पर्यटनाचा हंगामही जवळपास तेवढाच. पाऊस सरला की शॅक उभे राहतात, आणि मॉस्कोहून किंवा इंग्लंडातून थेट येणारी विमानं यंदा किती, याची चर्चा कांदोळीपासून बाणावलीपर्यंत सुरू होते. ती विमानं येणार की नाहीत हे गोव्यात ठरत नाही. त्यामागे ऐंशी वर्षांपूर्वीचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, दिल्लीतली काही कार्यालयं आहेत आणि दाबोळी विमानतळाच्या बाबतीत भारतीय नौदलही आहे.

सुरुवात 1944 मध्ये शिकागोत झाली. महायुद्ध अजून संपलं नव्हतं, तरी युद्धानंतर आकाश कुणाचं हा प्रश्न समोर होता. 7 डिसेंबरला 52 देशांनी करारावर सह्या केल्या, त्यात भारतही होता. पहिल्याच कलमात आपल्या प्रदेशावरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता मान्य झाली. आपल्या विषयासाठी पाचवं आणि सहावं कलम महत्त्वाचं. सहावं म्हणतं, ठरल्या वेळापत्रकाने चालणारी नियमित आंतरराष्ट्रीय सेवा त्या देशाच्या खास परवानगीशिवाय चालवता येणार नाही. ही परवानगी दोन देशांतल्या हवाई सेवा करारातून मिळते : कुठल्या शहरांत उतरायचं, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसनं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. पाचवं कलम अनियमित उड्डाणांचं. तिथे दार थोडं किलकिलं आहे. पण प्रवासी घेऊन येणाऱ्या विमानावर यजमान देशाला योग्य वाटतील ते नियम, अटी आणि मर्यादा घालता येतील, अशी पुस्तीही तिथेच जोडलेली आहे. चार्टर विमानाचा, म्हणजे सहलीसाठी अख्खं भाड्याने घेतलेल्या विमानाचा, पुढचा सगळा इतिहास या पुस्तीत आहे.

या अटी कशा असू शकतात हे ब्रिटनने लवकरच दाखवलं. 1950 मध्ये व्लादिमीर राइट्झ यांनी लंडनहून कोर्सिकातल्या काल्वीला विमान, तंबूतला मुक्काम आणि जेवण अशी एकत्रित सहल काढली. सरकारी परवाना मिळाला, पण सुरुवातीला फक्त विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी. नियमित कंपन्यांचं गिऱ्हाईक फुटू नये, हा हेतू होता. पुढे ब्रिटनमध्ये असाही नियम राहिला की सहलीची एकूण किंमत नियमित विमानाच्या भाड्याहून कमी असता कामा नये. मग 1956 मध्ये युरोपीय देशांनी पॅरिसमध्ये आपसांत अनियमित उड्डाणांसाठी करार केला, आणि स्पेनचे किनारे उत्तर युरोपातल्या कामगारांनाही परवडू लागले. भारत त्या करारात नव्हता. आपल्याकडे 1953 च्या कायद्याने विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, आणि आंतरराष्ट्रीय मार्गांवर एअर इंडियाचं हित जपणं हेच धोरण होतं.

दाबोळीचा विमानतळ त्याच दशकातला. 1955 मध्ये पोर्तुगीजांनी तो उभारला आणि ‘टाइप’ या छोट्या कंपनीमार्फत कराचीमार्गे बाहेरच्या जगाशी गोव्याचा संबंध ठेवला, कारण भारताने सीमेवर नाकेबंदी केली होती. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, 1962 मध्ये दाबोळी नौदलाच्या ताब्यात आली आणि आजही तो नौदलाचा आयएनएस हंसा हा तळच आहे. नागरी विमानतळ त्याच्या कुशीत आहे. सकाळचे काही तास नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी राखीव राहत आले, त्यामुळे इथे नागरी विमानाला कोणती वेळ मिळते हा प्रश्न कायम नाजूक राहिला.

या पार्श्वभूमीवर 1980 च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्या कोंडोर कंपनीची चार्टर विमानं दाबोळीला येऊ लागली. त्याआधी, नोव्हेंबर 1983 मध्ये, राष्ट्रकुल प्रमुखांची विश्रांती-बैठक गोव्यात झाली होती आणि जगाच्या नकाशावर गोव्याचं नाव ठळक झालं होतं. चार्टरचं स्वागत सगळ्यांनी केलं नाही. ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने पाणी, जमीन आणि किनाऱ्यावरच्या हक्काचे प्रश्न उपस्थित करून पंचतारांकित पर्यटनाला विरोध केला. त्या प्रश्नांची उत्तरं आजही नीट दिली गेलेली नाहीत, आणि विमानांच्या मोजणीत ती हरवतात याचं मला वाईट वाटतं.

भारताने या विमानांसाठी ‘इन्क्लुझिव्ह टूर चार्टर’ अशी वेगळी वर्गवारी ठेवली. अर्थ सोपा होता : विमानाचं तिकीट सुटं विकायचं नाही, मुक्कामासह सहल म्हणूनच विकायचं. आलेला पर्यटक त्याच चार्टरने परत जायचा. आणि अनेक वर्षं भारतीय पासपोर्टधारकाला या विमानात बसायला मनाई होती. परकीय चलन यावं पण राष्ट्रीय कंपनीचा प्रवासी पळू नये, असा तो हिशेब. सरकारच्या बाजूने पाहिलं तर त्यात तर्क होता. पण इंग्लंडात नोकरीला असलेल्या, भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या गोवेकराच्या बाजूने पाहा. विमान त्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर उतरणार, आणि त्याने मात्र मुंबईला उतरून पुढचा प्रवास करायचा. आपल्याच माणसाला आपल्याच घराच्या वाटेवर अडवणारी ही अट अन्यायाची होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे हे नियम सैल होत गेले, पण फार सावकाश.

सुरक्षेच्या अटी मात्र कडक होत गेल्या, आणि त्यामागे दोन घटना आहेत. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री एका परदेशी अँतोनोव विमानाने पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात शस्त्रांचा साठा खाली टाकला. ते नियमित सेवेचं विमान नव्हतं, तरी भारताच्या आकाशात ते रीतसर परवानगी घेऊन शिरलं होतं. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारतावरून जात असताना त्याला मुंबईत उतरायला भाग पाडण्यात आलं. त्यानंतर अनियमित परदेशी विमानाचा अर्ज आला की मालक कोण, चालक कोण, आत काय, याची छाननी वाढली. पुढच्याच वर्षी, 12 नोव्हेंबर 1996 ला, हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसं गेली. त्यातून भारताने प्रवासी विमानांना टक्कर टाळण्याची यंत्रणा सक्तीची केली. सोव्हिएत काळातली जुनी विमानं घेऊन येणाऱ्या कंपन्यांना ही अट जड गेली, पण ती आवश्यक होती.

आज हंगामी विमान आणायचं म्हटलं तर कागद असे फिरतात. चार्टर असेल तर कंपनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे अर्ज करते. सोबत कंपनीचं संचालन प्रमाणपत्र, विमानाचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, विमा आणि उड्डाणांच्या तारखा. नागरी विमान सुरक्षा ब्युरो सुरक्षेची बाजू पाहतो. विमानतळाकडून उतरण्या-उडण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, मिळवावा लागतो आणि दाबोळीला त्यात नौदलाची संमती येते. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माणसं त्या वेळेला हजर हवीत. नियमित सेवा असेल तर त्याआधी आणखी एक पायरी असते : परदेशी सरकारने राजनैतिक मार्गाने आपल्या कंपनीचं नाव भारताला कळवायचं, आणि द्विपक्षीय करारात तेवढ्या आसनांची जागा शिल्लक असायला हवी. मग डीजीसीए त्या हंगामाचं वेळापत्रक मंजूर करते. मंजुरी त्या हंगामापुरती असते, पुढच्या हंगामाला नवं वेळापत्रक आणि नवी मंजुरी.

कराराची ही कुंपणं पर्यटनासाठी थोडी खाली आणण्याचे प्रयत्नही झाले. ऑक्टोबर 2003 मध्ये बालीच्या शिखर परिषदेत पंतप्रधान वाजपेयींनी आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई गटातल्या, देशांच्या कंपन्यांना भारतातल्या 18 पर्यटनस्थळी हव्या तेवढ्या फेऱ्या करण्याची मुभा जाहीर केली. त्या यादीत गोवा होता आणि अजिंठा-वेरूळसाठीचं औरंगाबादही होतं. गोव्याला नंतर परदेशी विमानं मिळत राहिली, मराठवाड्याच्या वाट्याला मात्र त्या मुभेतून फारसं काही आलं नाही. विमान उतरवायला परवानगी लागते तसे प्रवासीही लागतात, आणि ते आणणाऱ्या सहल कंपन्या लागतात. गोव्यात त्या दोन दशकं आधीच रुजल्या होत्या.

नोव्हेंबर 2014 मध्ये ई-व्हिसा सुरू झाला, त्यात पहिल्याच यादीत गोव्याचा विमानतळ होता आणि रशियाचे नागरिकही पात्र ठरले. तोपर्यंत गोव्यात एका हंगामात हजाराहून अधिक चार्टर विमानं येऊ लागली होती, त्यात मोठा वाटा रशियनांचा. पण त्याच हिवाळ्यात रूबल कोसळला आणि मोरजी-आश्वेच्या बाजूला रशियन पाट्या लावलेल्या दुकानांना गिऱ्हाईक मिळेना. 23 सप्टेंबर 2019 ला ब्रिटनची थॉमस कुक ही सहल कंपनी दिवाळखोरीत गेली. गोव्याची तिची विमानं हंगाम तोंडावर असताना रद्द झाली. या दोन्ही वेळा भारतातली परवानगी शाबूत होती, तरी हंगाम बुडाला.

2022 मध्ये याच्या उलट घडलं. पर्यटक होते, कागद गेले. युक्रेन युद्धानंतर रशियन कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या, बर्म्युडात नोंदलेल्या विमानांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रं तिथल्या प्राधिकरणाने मार्चमध्ये स्थगित केली आणि विम्याचा प्रश्न उभा राहिला. ऐन हंगामाच्या शेवटी रशियन विमानं थांबली. नोव्हेंबरमध्ये एअरोफ्लोटने मॉस्को-गोवा नियमित सेवा सुरू केली, पाठोपाठ चार्टरही परतली. 9 जानेवारी 2023 ला मॉस्कोहून गोव्याला निघालेलं अझूर एअरचं विमान बॉम्बच्या धमकीमुळे जामनगरला उतरवावं लागलं. तपासात काही सापडलं नाही, प्रवासी दुसऱ्या दिवशी गोव्याला पोहोचले.

त्याच जानेवारीच्या 5 तारखेला उत्तर गोव्यातल्या मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. तो नौदलाचा नाही, त्यामुळे सकाळच्या वेळेचं बंधन तिथे नाही, आणि कंपन्यांसाठी हे मोठं आकर्षण ठरलं. ओमान एअर आणि मग जून 2024 मध्ये कतार एअरवेज दाबोळी सोडून मोपाला गेल्या. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मोपा जवळ पडतो. दक्षिण गोव्यातले हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले मात्र दाबोळीकडे हिवाळी विमानं टिकावीत म्हणून झगडत आहेत.

त्यांची मागणी वेळेत पोहोचायची तर ती पावसाआधी पोहोचायला हवी. हिवाळ्याच्या स्लॉटसाठी कंपन्या मे महिन्यातच मागणी नोंदवतात आणि जूनमध्ये जगभरच्या विमान कंपन्यांचे आणि विमानतळांचे प्रतिनिधी एकत्र बसून वेळा जुळवतात. ठरावीक वाराला, ठरावीक वेळी किमान पाच उड्डाणांची मालिका असेल तरच ती मालिका म्हणून धरली जाते, आणि गर्दीच्या विमानतळावर त्यातली 80 टक्के वापरली तर पुढच्या वर्षी त्याच वेळेवर हक्क सांगता येतो. गोव्यात मात्र हंगामाच्या बैठका बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. पर्यटन खात्याने आणि व्यावसायिकांनी फेब्रुवारी-मार्चमध्येच कंपन्या, नौदल आणि डीजीसीए यांच्यासमोर पुढच्या हिवाळ्याची मागणी ठेवायला हवी. त्या वेळी चालू हंगामातली विमानंही अजून येत-जात असतात, आणि ती चालवणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी भेटायला गोव्यातच असतात.