जुन्या गाड्यांचा सेल्फ स्विच: घोळ कुठून सुरू झाला

आपल्या धुळ्या-जळगावकडे इंजिन फिरवणारी मोटरही सेल्फ, बटणही सेल्फ आणि गाडी सुरू करणं म्हणजेही सेल्फ मारणं, त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं ‘सेल्फचा स्विच द्या’ म्हटलं की काय हातात पडेल सांगता येत नाही. शब्द आला सेल्फ-स्टार्टरवरून. १९१२ च्या कॅडिलॅकपासून विजेचा सेल्फ कारखान्यातूनच बसून यायला लागला, फोर्डच्या मॉडेल टी ला तो १९१९ मध्ये मिळाला, तोवर हँडल, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट गेलंच.

सुरुवातीचे स्विच बहुतेक पायाचे. बॅटरीचा सगळा करंट थेट त्यातूनच जायचा, आणि ६ व्होल्टची गाडी म्हणजे दोनशे अँपिअर सहज. आत तांब्याची चकती असते, पाय दाबला की ती दोन बोल्टांना जोडते, बस एवढंच. महायुद्धातल्या विलिज जीपांनाही हाच स्विच, फ्लोअरवर.

खरा घोळ पुढचा, सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या स्विचचा. या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक बॉडीवर बसतो, तो नुसता मोठा स्विच, बारीक वायरने चालणारा, त्याच्यासोबत बेंडिक्सची मोटर चालते कारण तिचा पिनियन, म्हणजे इंजिनाच्या चाकाच्या दात्यांत अडकणारा छोटा गिअर, फिरताना स्वतःच पुढे जातो. दुसरा मोटरच्या डोक्यावर असतो, तो आधी पिनियन ढकलतो आणि मग कॉन्टॅक्ट जोडतो. आता काही जुन्या गाड्यांत पिनियन ढकलायचं काम पायाचा लिव्हरच करतो, तिथला पायाचा स्विच काढून बॉडीवरचा सोलेनॉइड लावला तर मोटर नुसती भुणभुण फिरते, इंजिन हलत नाही, आणि लोक म्हणतात मोटर गेली. मोटरला काहीच झालेलं नसतं भो! व्होल्टेजचंही तसंच, १२ चा सोलेनॉइड ६ वर नीट ओढत नाही आणि ६ चा १२ वर तापून जळतो.

किल्ली फिरवून सुरू होणं तर १९४९ च्या क्रायस्लरनंतर पसरलं, आणि मग सगळ्यांना पायाचा स्विच जुनाट वाटायला लागला. मला नाही वाटत. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि मे महिन्यात ४५ च्या वर ऊन, त्यात फ्लोअरवरचा स्विच माती खातो हे मान्य, पण तो उघडता येतो. स्वस्तातला सोलेनॉइड उघडतच नाही, आत कॉन्टॅक्ट चिकटला तर सेल्फ थांबतच नाही, बॅटरीची वायर उपटावी लागते.

आमच्या काकांच्या जीपचा स्विच मिस्तरीने रावेरच्या केळीच्या शेताच्या बांधावरच खोलला होता. चकतीला एका बाजूने काळा खड्डा पडलेला. मिस्तरीने ती पॉलिश पेपरने घासली, उलटी करून चांगली बाजू बोल्टांकडे केली, स्प्रिंग बदलली. मग मल्टिमीटर दोन्ही बोल्टांवर लावून काकांना सेल्फ मारायला लावला. सेल्फ फिरताना काटा पाव व्होल्टच्या वर राहिला तर स्विच खराब समजायचा, दोनशे अँपिअरला तेवढंसुद्धा ५० वॅटची गर्मी होते आणि ती त्या चकतीतच. काटा जवळजवळ शून्यावर आला, जीप सुरू झाली.