औद्योगिक रेडिओग्राफीतील किरणोत्सर्ग सुरक्षा (बडोदे)

वेल्डिंगच्या जोडात फट, पोकळी किंवा अडकलेला स्लॅग (वेल्डिंगची मळी) आहे का, हे जोड न कापता गॅमा किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने फिल्मवर पाहण्याची पद्धत म्हणजे औद्योगिक रेडिओग्राफी. अणुवीज केंद्रांची जाड भांडी असोत की खत कारखान्याचे पाइप, दाब सोसणारे महत्त्वाचे जोड या तपासणीतून जातात. बडोद्यात यंत्रकामाच्या शिक्षणाची परंपरा सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनापासूनची आहे. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, आसपास खते आणि पेट्रोरसायने आली आणि रणोली, मकरपुरा भागांत फॅब्रिकेशनचे काम वाढले. त्याबरोबर रेडिओग्राफीही आली.

शहरात ‘अणू’ म्हटले की फर्टिलायझरनगरजवळच्या, १९७७ मध्ये सुरू झालेल्या जड पाण्याच्या प्रकल्पाकडे बोट दाखवले जाते. मात्र जड पाणी स्वतः किरणोत्सारी नसते. ते तयार करताना तिथे सांभाळावे लागत ते अमोनिया आणि उच्च दाबाचा हायड्रोजन. एका कारखान्यातून दुसऱ्यात गाडीने फिरणारा तीव्र किरणोत्सारी स्रोत असतो तो रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यात, म्हणजे स्रोत ठेवण्याच्या कवचबंद डब्यात, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

स्रोत आणि कॅमेरा

सर्वाधिक वापर इरिडियम-१९२ चा होतो. सुमारे २० ते ७५ मिलिमीटर जाडीच्या पोलादासाठी तो योग्य ठरतो. त्याहून जाड कामाला कोबाल्ट-६० किंवा रेषीय त्वरक (तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) लागतो. इरिडियमचे अर्धायुष्य ७४ दिवसांचे, म्हणजे तेवढ्या काळात त्याची तीव्रता निम्मी होते. धातूच्या बारीक चकत्या सीलबंद कॅप्सूलमध्ये असतात आणि कॅप्सूल ‘पिगटेल’ नावाच्या लवचीक तारेच्या टोकाला जोडलेली असते. कॅमेऱ्यात किरण अडवणाऱ्या डिप्लिटेड युरेनियम या जड धातूचे कवच असते आणि त्यातून इंग्रजी ‘एस’च्या आकाराची नळी जाते. वळणामुळे किरणांना सरळ बाहेर पडायला वाट मिळत नाही. मागून ड्राइव्ह केबल पिगटेलला जोडतात, पुढे गाइड ट्यूब लावतात, आणि दुरून क्रँक (हाताने फिरवायचा दांडा) फिरवून स्रोत वेल्डिंगच्या जोडापर्यंत ढकलतात.

स्रोताची तीव्रता क्युरीत मोजतात, तर शरीराला मिळणारा डोस सीव्हर्टमध्ये. ३० क्युरीचा उघडा इरिडियम स्रोत एक मीटरवर ताशी सुमारे १५० मिलिसीव्हर्ट डोस देतो. भारतात किरणोत्सर्गाशी संबंधित कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे, तर सर्वसामान्य नागरिकांसाठी वर्षाला १. म्हणजे स्रोतापासून मीटरभर अंतरावर आठ मिनिटांत कामगाराचा वर्षाचा वाटा संपतो. अंतर दुप्पट केले की डोस चौथ्या हिश्शावर येतो. तरीही डोस ताशी १० मायक्रोसीव्हर्टपर्यंत (०.०१ मिलिसीव्हर्ट) उतरतो ती रेषा गाठायला आडोशाविना १२० मीटरांहून अधिक अंतर लागते. टंगस्टनचा कोलिमेटर (एकाच बाजूने उघडे असलेले आवरण) लावून किरण शंभरपट कमी केले तर तेच काम १२ मीटरांत होते. कोलिमेटरच्या उघड्या तोंडाच्या दिशेला मात्र हा हिशेब लागू नाही. ती बाजू मोकळ्या जागेकडे किंवा जमिनीकडे वळवावी लागते.

शॉट (फिल्मवरची एक तपासणी) घेताना

आधी सर्व्हे मीटरची (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाची) बॅटरी तपासतात आणि कॅमेऱ्याच्या पृष्ठभागावर रीडिंग घेतात. बंद कॅमेऱ्याजवळही थोडे रीडिंग यायलाच हवे. ते शून्य आले तर मीटर बिघडलेला आहे किंवा स्रोत आत नाही. मग पिगटेल व केबलचा जोड गेजने तपासतात, कारण झिजलेला जोड वरून बसल्यासारखा दिसतो आणि बाहेर गेल्यावर सुटतो. गाइड ट्यूबला तीव्र वळण नको आणि तिच्यावर पाइप पडेल अशी जागाही नको. दोरी, फलक आणि दिवे लावून घेरा आखतात. पहिल्या शॉटच्या वेळी घेऱ्यावर मीटरने फिरून तो पुरेसा आहे का ते पाहतात. क्रँकचे फेरे जाताना आणि येताना मोजतात.

सर्वांत महत्त्वाची पायरी शॉटनंतरची, आणि दमलेल्या माणसाकडून तीच सुटते. केबल पूर्ण मागे आली म्हणजे स्रोतही आला, असे नसते. जोड सुटला असेल तर केबल रिकामी परत येते आणि क्रँक अगदी नेहमीसारखा फिरतो. म्हणून चालू मीटर पुढे धरून कॅमेऱ्यापर्यंत आणि तिथून गाइड ट्यूबच्या टोकापर्यंत जायचे, प्रत्येक शॉटनंतर, विसावा शॉट असला तरी. छातीवरचा टीएलडी, म्हणजे डोस साठवून नोंदवणारा बॅज, इथे उपयोगी पडत नाही. तो तीन महिन्यांनी वाचला जातो आणि झालेला डोस सांगतो. किरण वाढताच आवाज करणारा खिशातला डोसिमीटर तेवढ्यासाठीच हवा.

स्रोत अडकला तर मागे सरायचे, घेरा वाढवायचा, पहारा ठेवायचा आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला बोलवायचे. लांब चिमटे, शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या आणि शिशाचे भांडे साइटवर आधीपासून हवे. तसेच १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला तातडीने कळवावे लागते. कॅप्सूलला हात कधीही लावायचा नाही. ३० क्युरीचा स्रोत एक सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे २५ सीव्हर्ट देतो. तेव्हा काहीच जाणवत नाही. लाली आणि फोड नंतर येतात आणि साधे भाजणे समजले जातात. पेरूतील यानांगो येथे १९९९ मध्ये एका वेल्डरने सापडलेला स्रोत खिशात ठेवला आणि त्याला पाय गमवावा लागला. मोरोक्कोत १९८४ मध्ये वीज केंद्राच्या बांधकामावर सुटलेला स्रोत एकाने घरी नेला. त्यात आठ जण दगावले.

चालू कारखान्यातील काम

रिफायनरीच्या शटडाउनमध्ये रेडिओग्राफी रात्री करतात, पण शटडाउनमध्ये रात्रीही परांचीवर माणसे असतात. जमिनीवरची दोरी वर चढलेल्या फिटरला अडवत नाही. त्यामुळे वरचे आणि खालचे मजलेही रिकामे करावे लागतात. टाक्यांवरील, सीझियमच्या किरणांनी पातळी मोजणारे लेव्हल गेज आणि काही ज्वालाशोधक या किरणांनी फसतात व खोटा अलार्म देतात, प्रसंगी युनिट ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. म्हणून शॉटची वेळ कंट्रोल रूमला आधी कळवली जाते.

कॅमेरे जमिनीतील कुलूपबंद खड्ड्यात ठेवण्याची पद्धत आहे. बडोद्यात तिथे विश्वामित्री नदीचा विचार करावा लागतो. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. सीलबंद इरिडियम पाण्यात विरघळत नाही, पण कुलूप गंजते, गाळ नळीत बसतो आणि पुढच्या वेळी स्रोत अर्ध्यात अडकतो. खड्डा उंचावर हवा, आणि पाण्यात राहिलेला कॅमेरा पुरवठादाराने तपासल्याशिवाय वापरू नये.

वर्षभराने ३० क्युरीतला जेमतेम एक क्युरी उरतो. फिल्मला वेळ फार लागतो म्हणून तो ‘मेला’ समजून कोपऱ्यात पडतो. मात्र तोही एक मीटरवर ताशी पाच मिलिसीव्हर्ट देतो. एखादा ठेकेदार धंदा बंद करून गेला, तर वीसेक किलोचा हा जड धातूचा डबा भंगारवाल्याला मोलाचा वाटू शकतो. स्रोत पुरवठादाराकडे परत पोचल्याची पावती येईपर्यंत नोंदवहीतली त्याची ओळ खुलीच ठेवतात.