पासाकाल्या आणि फ्यूग, सी मायनर

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याची पाइप ऑर्गनसाठीची रचना. बाखच्या रचनांच्या सूचीत तिचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही ५८२ असा आहे.

मराठी रंगभूमीवर नाट्यपदांना साथ करणारा ऑर्गन वादक पायांनी भाता मारून वाजवतो. युरोपातल्या चर्चमध्ये भाता ओढायला त्या काळी वेगळी माणसे असत आणि वादकाचे पाय पेडलच्या पट्ट्यांवर खर्जाचे सूर वाजवत. ही रचना सुरूच पायांनी होते. हात स्वस्थ असतात आणि पेडलवर एकच संथ धून ऐकू येते. तीन-तीन मात्रांचे आठ खंड, अशी ती २४ मात्रांची धून. त्यानंतर २० रूपांतरे होतात. तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरत राहतो आणि त्यावर नवनवे काम होत जाते, तसाच हा प्रकार; मात्र लेहरा आपली जागा सोडत नाही, ही धून सोडते. ११व्या रूपात ती खर्जातून उठून सर्वांत वरच्या स्वररेषेत जाते, १४व्या-१५व्यात सुट्या, झरझर धावणाऱ्या स्वरांत जवळजवळ विरून जाते आणि १६व्यात पुन्हा पेडलवर भक्कम उभी राहते. संपूर्ण रचनेतली ही सर्वांत प्रभावी जागा आहे.

पासाकाल्या म्हणजे खर्जात फिरत राहणाऱ्या एकाच धुनेवर नवनवी रूपे रचण्याचा प्रकार; तो मूळचा स्पेनमधल्या गिटारवादनातला. फ्रान्स आणि जर्मनीत त्याला गंभीर रूप आले. धुनेचा पहिला अर्धा भाग फ्रेंच ऑर्गनवादक आंद्रे रेझों याच्या १६८८ मध्ये छापलेल्या संग्रहातून घेतलेला आहे. रचनेचा घाट मात्र उत्तर जर्मनीतला, विशेषतः ल्यूबेकचा ऑर्गनवादक डीट्रिख बुक्स्टहुड याच्या वळणाचा. १७०५ च्या शरद ऋतूत, विशीतला बाख आर्नश्टाटहून, जिथे तो चर्चमध्ये ऑर्गनवादक होता, सुमारे ४०० किलोमीटर दूर ल्यूबेकला बुक्स्टहुडचे वादन ऐकायला गेला, तोही पायी. रजा चार आठवड्यांची होती. परतायला जवळपास चार महिने लागले. चर्चच्या अधिकाऱ्यांनी जाब विचारला. लांबलेल्या रजेबरोबरच, भक्तिगीतांच्या साथीत तो चमत्कारिक स्वर मिसळतो आणि त्याने भाविक गोंधळतात, हीही तक्रार होती. पासाकाल्या त्यानंतरच्या काही वर्षांतली, साधारण १७०६ ते १७१३ मधली मानली जाते. बाखच्या हातचे मूळ हस्तलिखित उरलेले नाही. ज्या मोठ्या भावाने अनाथ बाखला ओर्ड्रूफला सांभाळले, त्या योहान क्रिस्टोफ याने केलेल्या संग्रहात तिची एक महत्त्वाची प्रत टिकली.

विसावे रूप संपताच, मध्ये न थांबता, फ्यूग सुरू होते; म्हणजे एकच धून (तिचा ‘विषय’) वेगवेगळ्या स्वररेषा एकामागून एक उचलतात अशी रचना. तिथे धुनेचा फक्त पहिला अर्धा भाग घेतलेला आहे, आणि त्याच्या जोडीला लगेच दुसरी, चपळ धून धावू लागते. फ्यूगचा विषय सहसा आधी एकटा मांडतात; बाख इथे दोन्ही एकत्र आणतो. शेवटाजवळ सारी धावपळ एका अनपेक्षित स्वरसंघातावर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) अडते, क्षणभर सगळे थांबते आणि मग रचना सी मायनरऐवजी उजळ वाटणाऱ्या सी मेजरमध्ये पूर्ण होते.

लिओपोल्ड स्टोकोव्स्की (१९२२) आणि ओत्तोरिनो रेस्पीगी (१९३०) यांनी तिची वाद्यवृंदासाठी रूपांतरे केली. ती भव्य आहेत, पण पेडलवरच्या एकट्या धुनेचा भार मोठ्या पाइपांच्या ऑर्गनवरच खरा जाणवतो. काही ऑर्गनवादक ती पहिल्या स्वरापासून पूर्ण आवाजात वाजवतात. काही हळू सुरुवात करून रूपागणिक पाइपांचे नवे संच उघडत नेतात.