स्टॅनम म्हणजे कथील? प्लिनीला विचारा

लॅटिनमध्ये प्लंबम म्हणजे शिसं, स्टॅनम म्हणजे कथील. आवर्तसारणीपुरतं हे चोख आहे; पीबी आणि एसएन या संज्ञा तिथूनच आल्या. प्लंबरला प्लंबर का म्हणतात, तेही सगळ्यांना पाठ आहे. पुढे जाऊ.

डोकं उठतं ते हीच समीकरणं उचलून रोमन मजकुरावर चिकटवली जातात तेव्हा. इसवी सन ७९ मध्ये वारलेला रोमन लेखक प्लिनी याच्याकडे प्लंबम दोन आहेत. काळं, 'नायग्रम', ते आपलं शिसं. पांढरं, 'अल्बम' किंवा 'कँडिडम', ते कथील! ग्रीक याला कासितेरोस म्हणतात, हे तो स्वतः सांगतो. (संस्कृत 'कस्तीर' आणि त्यावरून आलेलं आपलं 'कथील' त्याच गोतावळ्यातलं.) पांढऱ्याची पारखही देतो: वितळवून पपायरसवर (त्या काळच्या कागदावर) ओता, पपायरस फाटला तर वजनानं फाटल्यासारखा दिसावा, उष्णतेनं नव्हे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ला. पारखीमागचं इंगित बहुधा हेच.

मग स्टॅनम कुठलं? चांदी असलेलं शिशाचं खनिज भट्टीत घातलं की पहिल्यांदा जे पातळ होऊन वाहतं, ते. म्हणजे कच्चं, चांदी मिसळलेलं शिसं. तांब्याच्या भांड्यांना ते लावलं की चव सुधारते आणि कळकत नाही, असं प्लिनी लिहितो. इथे आपला वाचक 'बघा, कल्हई!' म्हणून टाळी देतो आणि स्टॅनमला कथील ठरवून मोकळा होतो. कल्हईच आहे, पण शिशाची. असल्या भांड्यात आमटी आंबट करू नये. लगेच पुढे भेसळीची कृती येते: पांढऱ्या प्लंबममध्ये एक तृतीयांश पांढरं कासं घातलं की नकली स्टॅनम तयार. दुसरी कृती, पांढरं आणि काळं प्लंबम समभाग. स्टॅनम आणि पांढरं प्लंबम एकच असती, तर एकाच वाक्यात दोन नावं कशाला घेतली असती? गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) पांढऱ्या प्लंबमचा मुलामा चांदीसारखा देतात, हेही तो वेगळं नोंदवतो.

स्टॅनमचा अर्थ कथलाकडे सरकला तो चौथ्या शतकाच्या सुमारास. त्यानंतरच्या मजकुरात खुशाल कथील वाचा.

आणि 'प्लंबम अल्बम'चं भाषांतर 'पांढरं शिसं' कृपा करून करू नका. त्यानं वाचकाला सफेदा आठवतो. तो शिशापासून केलेला रंग. रोमन त्याला सेरुसा म्हणत.