शालेय निधी-लिलाव

शाळेच्या ठरावीक गरजेसाठी पैसे उभे करण्याकरिता देणगीदाखल मिळालेल्या वस्तू व सेवा बोली लावून विकण्याचा कार्यक्रम. देणारे आणि घेणारे बहुतेक एकाच वर्तुळातले असतात : पालक, माजी विद्यार्थी, शिक्षक, आसपासचे व्यावसायिक. वस्तू फुकट आलेली असल्याने कार्यक्रमाचा खर्च वजा जाता विक्रीची रक्कम शाळेकडेच राहते. अमेरिकेतील शाळांमध्ये हा प्रकार विशेष रुळलेला आहे.

मराठीतला ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पद्धत मात्र फार जुनी. इ. स. 193 मध्ये प्रिटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाने, रोमचे सम्राटपदच लिलावात काढले होते. ते जिंकणारा डिडियस जुलियानस सुमारे दोन महिने गादीवर राहिला आणि मारला गेला. वस्तूच्या मोलाचा सर्वांत चढा अंदाज करणाराच बोली जिंकतो आणि म्हणून मोलापेक्षा जास्त पैसे मोजून बसतो, याला अर्थशास्त्रात ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. शाळेच्या लिलावात मात्र हा शाप कोणाला लागत नाही; चार पैसे जास्त द्यायचे हे घरून ठरवूनच माणसे आलेली असतात.

आयोजकाला सगळ्यात आधी उमजायला हवे ते दुसऱ्या बोलीदाराचे महत्त्व. चढत्या बोलीत किंमत ठरते ती जिंकणाऱ्याच्या ऐपतीवर नव्हे, तर त्याच्याशी झुंजून सर्वांत शेवटी माघार घेणारा कुठे थांबला त्यावर. विल्यम विक्री (आडनावाचा हा निव्वळ योगायोग) या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये हे सूत्र गणिती पद्धतीने मांडले. पुढे 1996 मध्ये त्याला नोबेल पुरस्कार मिळाला. एखाद्या वस्तूसाठी कोणी वाटेल ती रक्कम द्यायला तयार असला, पण ती हवी असणारा दुसरा कोणी सभागृहात नसला, तर वस्तू पहिल्याच बोलीला जाते. म्हणजे शाळेला एक पैसाही न देता घरी जाणारा हा दुसरा माणूसच तिच्या पदरात सर्वाधिक टाकून जातो.

म्हणून वस्तूंची संख्या वाढवत नेणे ही नवख्या समितीची नेहमीची चूक. देणग्या गोळा करण्याचा उत्साह असतो, आलेल्या वस्तूला नाही म्हणणे जड जाते आणि शेवटी बोलीदारांपेक्षा वस्तू जास्त होतात. मग प्रत्येकाला काही ना काही स्वस्तात मिळते, झुंज कुठेच लागत नाही. जुने, वापरलेले सामान तर स्वीकारूच नये. हाक मारून होणाऱ्या लिलावात दहा-बारा वस्तू पुरतात; त्यापुढे लोक चुळबुळ करू लागतात. बाकीच्या मूक लिलावात, म्हणजे कागदावर बोली लिहून होणाऱ्या लिलावात, ठेवाव्यात किंवा दोन-तीन मिळून एक संच करावा.

चांगल्या वस्तूची खूण एवढीच, की ती बाजारात मिळत नाही. वर्गातल्या सगळ्या मुलांनी मिळून केलेले भित्तिचित्र, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत एक दिवस, संमेलनातल्या पहिल्या रांगेतल्या जागा, आवडत्या शिक्षकांबरोबर एक दुपार : यांतल्या बहुतेकांना शाळेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि गिऱ्हाईक मात्र हमखास दोनाहून अधिक असते. ज्यांची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे अशा वस्तूंची, उदाहरणार्थ दुकानाच्या भेटपत्रांची, बोली सहसा त्या किमतीच्या आसपास येऊन थबकते. भेटपत्र घेतलेच तर त्यावरची मुदत आधी पाहून घ्यावी. काही मध्यस्थ सहली किंवा मौल्यवान वस्तू ‘विकली गेली तरच पैसे द्या’ या अटीवर देऊ करतात. त्यात मूळ किंमत त्यांच्याकडे जाते, शाळेला फक्त वरचा फरक मिळतो आणि देणगीदाखल आलेल्या वस्तूंचे गिऱ्हाईक तेवढे कमी होते.

हाक मारून होणाऱ्या लिलावात सगळी मदार पुकारणाऱ्यावर असते. त्याला वस्तूंपेक्षा माणसांची ओळख असावी. कोण कोणाला हटणार नाही, कोणाला आग्रह केलेला चालतो, कोणाला अवघडल्यासारखे होते, हे ज्याला कळते तो ‘एक वार, दोन वार’ म्हणताना नेमका कुठे थांबायचे ते जाणतो. सर्वांत मोठी वस्तू आरंभी काढू नये, अगदी शेवटीही ठेवू नये. लोक स्थिरावल्यावर आणि थकण्याआधी ती यावी. सभागृहात हात वर झालेले टिपणारे दोघे-तिघे स्वयंसेवक हवेत. बोलीची नोंद करणारा माणूस वेगळा असावा, कारण पुकारणाऱ्याला दोन्ही कामे झेपत नाहीत. किंमत वाढवण्यासाठी आपल्याच माणसाला खोटी बोली लावायला बसवणे ही फसवणूक आहे. पैसा शाळेचा म्हणून ती क्षम्य ठरत नाही. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडल्यावर सौदा पुरा झाला, असे अनेक देशांच्या विक्रीविषयक कायद्यांत आहे.

मूक लिलावात वस्तू टेबलांवर मांडतात आणि प्रत्येकीपुढे कागद असतो. त्यावर बोलीदार क्रमांक आणि रक्कम लिहून जातो. नाव न लिहिता क्रमांक लिहिल्याने लाजऱ्या माणसाची सोय होते. सुरुवातीची बोली वस्तूच्या अंदाजी किमतीच्या निम्म्याच्या आसपास आणि प्रत्येक वाढ साधारण एक दशांश ठेवण्याचा प्रघात आहे. सुरुवात फार चढी ठेवली तर कागद कोरा राहतो, आणि कोऱ्या कागदावर पहिला आकडा लिहायला कोणी धजत नाही. सगळी टेबले एकाच वेळी बंद करू नयेत. थोड्या थोड्या अंतराने केली तर एकीकडे हरलेला दुसरीकडे नशीब आजमावतो. फोनवरून बोली घेणाऱ्या प्रणाली आल्यापासून बाहेरगावचे माजी विद्यार्थीही भाग घेऊ लागले. तिथे शेवटच्या सेकंदाला बोली टाकून वस्तू पळवण्याचा प्रकार होतो. तो टाळायला ऐनवेळी बोली आली की मुदत काही मिनिटांनी आपोआप वाढवतात.

राहतो प्रश्न हरलेल्यांचा. ते पैसे खर्च करायच्या तयारीने आलेले असतात आणि तसेच परत जातात. यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे थेट आवाहन : वस्तूंचा लिलाव रंगात असतानाच मध्येच थांबून एखादी स्पष्ट गरज, जसे ग्रंथालयाची कपाटे, सांगायची आणि वरच्या रकमेपासून खाली येत कोण किती देईल ते विचारायचे. इथे वस्तू नाही, विजेता नाही. अगदी छोट्या रकमेलाही हात वर करता येतो. माझ्या मते ऐपतीतली दरी झाकणारा कार्यक्रमातला हा एकमेव भाग, कारण एरवी लिलाव म्हणजे कोणाच्या खिशात किती आहे याचे जाहीर वाचनच. वर्गाचे भित्तिचित्र एकाच घरी जाऊ नये म्हणून पालकांनी वर्गणी काढून एकत्र बोली लावायची मुभाही याच कारणासाठी द्यावी.

दुसरा उपाय अर्थशास्त्रज्ञांनी सुचवला : हरणाऱ्यांनीही आपली बोली भरायची. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सैद्धांतिक अभ्यासात धर्मादाय कार्यासाठी अशा ‘सर्वांनी भरण्याच्या’ लिलावातून जास्त पैसा मिळेल असे दाखवले गेले. कार्पेंटर, होम्स आणि मॅथ्यूज या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बालवाड्यांच्या निधी-लिलावांत ते प्रत्यक्ष तपासले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा निघाला. बंद पाकिटातून बोली घेऊन जिंकणाऱ्याने स्वतःची बोली भरण्याची साधी पद्धत सरस ठरली. अनोळखी नियम ऐकून अनेकजण बोलीच लावायला पुढे आले नाहीत, हे त्यामागचे मोठे कारण.

वसुली त्याच दिवशी, पावतीसह व्हावी. उद्यावर गेलेले पैसे मागताना शाळेलाच संकोच होतो. करसवलतीबाबत गैरसमज फार. अमेरिकेत वस्तूच्या रास्त बाजारभावाहून जेवढी रक्कम जास्त दिली तेवढीच देणगी धरली जाते, म्हणून लिलावाआधीच अंदाजी किंमत छापील यादीत देतात. इतर देशांचे नियम वेगळे असतात. न विकलेली वस्तू दात्याला परत करताना फार हळुवारपणे वागावे लागते. आपली वस्तू सर्वांसमोर पडून राहिली हे तो विसरत नाही. त्यामुळे ज्यांना गिऱ्हाईक लागेल की नाही याची शंका आहे, त्या वस्तू जाणत्या समित्या मोठ्याने पुकारतच नाहीत. मूक टेबलावर, दुसऱ्या एखाद्या संचात घालून ठेवतात.