पसंतीक्रम भरायला येण्याआधी
(इंजिनिअरिंग व मेडिकलच्या विद्यार्थी-पालकांसाठी)

निकाल लागला की आमच्या फोंड्याच्या प्रवेश-मार्गदर्शन केंद्रात प्रत्येक पालक एकच प्रश्न घेऊन येतो: "एवढ्या रँकवर कुठली कॉलेजे टाकायची?" प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक घरांतून यादी उलटी लिहून येते आणि ती सुलटी करण्यात तुमची-आमची अर्धी सकाळ जाते.

होते असे. गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून, जिथे प्रवेश नक्की ते कॉलेज पहिले टाकतात आणि मुलाच्या आवडीचे खाली. वरचे हुकले तर खालचेही हातचे जाईल ही भीती. तसे होत नाही. आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणारी केंद्रीय यंत्रणा जोसा असो वा मेडिकलच्या केंद्रीय जागा वाटणारी समिती एमसीसी, तुमची यादी वरून खाली वाचली जाते. पहिली जागा तुमच्या रँकला बसत नसेल तर दुसरी, मग तिसरी. वरच्या चार हुकल्या म्हणून पाचवीवरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तुमच्याच प्रवर्गातल्या, पण तुमच्या मागच्या रँकच्या मुलाने तीच जागा पहिल्या क्रमांकावर लिहिली असली, तरी आधी विचार तुमचाच होतो.

नुकसान होते ते यादी उलटी असली की. समजा मुलीला कुंकळ्ळीच्या एनआयटीत इलेक्ट्रॉनिक्स हवे आहे, पण घरच्यांनी खात्रीचे म्हणून सिव्हिल वर टाकले. तिच्या रँकला दोन्ही मिळण्यासारखी असली तर सिव्हिलच मिळणार, आणि त्याखालचे सगळे पर्याय तिथेच संपणार. मग 'फ्लोट' (मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीत त्याहून वरची मागणे) घेऊनही उपयोग नाही, कारण पुढच्या फेऱ्यांत मिळालेल्या जागेच्या वरचे पर्यायच पाहतात. म्हणून क्रम आवडीने लावा. कटऑफ बघायचा तो यादी कुठवर खाली न्यायची हे ठरवायला.

आणि जिथे मुलाला पाठवणारच नाही, ते नाव यादीत नको. मेडिकलला ही चूक खिशाला बसते. एमसीसीकडे अभिमत (डीम्ड) विद्यापीठांसाठी दोन लाख अनामत भरावी लागते. पहिल्या फेरीतली जागा नाकारली तर अनामत सुरक्षित राहते, दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर जप्त होते. फी झेपणार नाही अशी कॉलेजे 'असू द्या' म्हणून टाकू नका.

कटऑफचा तक्ता वाचताना ओळ नीट बघा. एनआयटी गोव्यात गोव्याच्या मुलांचा कोटा वेगळा असतो, मुलींच्या जागांची ओळही वेगळी. इतर राज्यांची ओळ वाचून उगीच निराश झालेले पालक आम्ही दर वर्षी पाहतो. मात्र जोसासाठी तुमचे राज्य कुठले, हे बारावी कुठून उत्तीर्ण झाली त्यावर ठरते. मुलाला अकरावी-बारावीला राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा बेळगावला ठेवले असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. ओबीसीचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलचा किंवा त्यानंतरचा लागतो.

फर्मागुडीचे गोवा इंजिनिअरिंग, वेर्णे, फातोर्डे, आसगाव इथली कॉलेजे यांचा अर्ज पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे जातो. जोसा भरले म्हणजे हा भरला असे नाही. गोमेकॉचेही (गोवा मेडिकल कॉलेज) तसेच: 15 टक्के जागा एमसीसीकडून, बाकीच्या राज्याकडून, म्हणून नोंदणी दोन्हीकडे हवी. झुआरीनगरच्या बिट्सला त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा, बिटसॅट, वेगळी. आमचे मत विचाराल तर, नको त्या शाखेसाठी दूरच्या एनआयटीत जाण्यापेक्षा फर्मागुडीला हवी ती शाखा घेतलेली बरी. 1967 पासूनचे कॉलेज आहे, घरून जाता-येता येते.

आम्ही फोनवरून यादी भरत नाही, याचा काहींना राग येतो. पण चार वर्षे, मेडिकल असेल तर त्याहून जास्त, शिकायचे मुलाला आहे. तो समोर नसेल तर आम्ही कुणाची आवड लिहायची? मूल आणि एक पालक, दोघे या. आम्ही यादीची प्रिंट काढून देतो, ती घरी नेऊन रात्रभर विचार करा, सही करून आणा, मगच ती पोर्टलवर लॉक (पक्की) करतो. या दुसऱ्या भेटीचे वेगळे पैसे घेत नाही.

ओटीपी ज्या नंबरवर येतो तो मोबाईल बरोबर आणा. वडील बोटीवर, नंबर त्यांचा, आणि समुद्रात रेंज नाही, अशाने शेवटच्या दिवशी फार धावपळ होते. नोंदणी करतानाच आईचा किंवा मुलाचा नंबर द्या.

शेवटच्या दोन दिवसांत गर्दीमुळे प्रत्येकाला पुरेसा वेळ देता येत नाही. निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच कच्ची यादी घेऊन आलात तर निवांत बसून बोलता येईल, आणि त्या पहिल्या भेटीची फी नाही. मेडिकलच्या फेऱ्या लांबल्या तर चतुर्थीच्या दिवसांतही केंद्र सकाळी उघडे असते.