लुलुर राजवाड्यातला, बोरेह शेतातला

बालीत उबुदच्या कुठल्याही स्पाचे दरपत्रक हातात घ्या, लुलुर आणि बोरेह ही दोन नावे बहुधा शेजारी शेजारी दिसतील. दोन्ही अंगाला लावायचे लेप, आणि दोन्हींच्या वर 'बालीची प्राचीन परंपरा' असे एकच शीर्षक. खरे तर लुलुर जावाचा आणि बोरेह बालीचा. पहिला राजघराण्यातल्या मुलींसाठी घडला, दुसरा भातखाचरात राबणाऱ्या माणसांसाठी. मूळ जागा पुसली की त्यामागची माणसेही पुसली जातात, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आधी जावाबद्दल. 1755 मध्ये गियांतीचा तह झाला आणि मध्य जावातले मातारामचे राज्य सुराकार्ता (म्हणजे सोलो) आणि योग्याकार्ता असे दुभंगले. खरी सत्ता डचांच्या हाती जात होती. राजवाड्यांची, म्हणजे तिथल्या क्रातोनांची, चुरस मग नृत्य, बाटिक, रीतिरिवाज आणि देहाची निगा यांत उतरली. लुलुर याच वातावरणात बहरला. तांदळाचे भरड पीठ, हळद, चंदन, सुगंधी मुळे आणि फुले एकत्र वाटून लेप करायचा, तो अंगाला लावून सुकू द्यायचा आणि हाताने चोळून काढायचा. लग्न ठरलेल्या मुलीला काही काळ घराबाहेर पडू देत नसत. या प्रथेला पिंगितान म्हणतात आणि परंपरेने हा काळ चाळीस दिवसांचा. त्या काळात हे अंग मळणे नेमाने चाले. लग्नाच्या आदल्या दिवशी सिरामान असते, त्यात सात ठिकाणांहून आणलेले पाणी वडीलधारी मंडळी पाळीपाळीने मुलीच्या अंगावर ओततात. आपल्याला इथे हळदीची आठवण होणारच, पण आपली हळद एका दिवसात लागते आणि उतरते. तिथे घरातल्या बायका कित्येक दिवस एका मुलीसाठी वेळ काढत.

योग्याकार्तात तामान सारी हे सुलतानाचे जलोद्यान अजून पाहता येते. पहिले सुलतान हमेंगकुबुवोनो यांनी 1758 च्या सुमारास त्याचे काम सुरू केले. 1812 मध्ये इंग्रजांनी राजवाड्यावर हल्ला केला, 1867 मध्ये भूकंप झाला आणि बराचसा भाग ढासळला. स्नानाचे हौद मात्र दुरुस्त होऊन उभे आहेत.

अंग चोळण्याची विद्या त्याहून कितीतरी जुनी. 1885 मध्ये बोरोबुदुर या जावातल्या प्राचीन बौद्ध स्तूपाच्या पायथ्याचे दगड हलवले तेव्हा आत झाकून गेलेले 160 शिल्पपट सापडले. त्यांतल्या एकात आजारी माणूस आडवा पडलेला आहे आणि भोवतालचे लोक त्याचे अंग चोळताहेत. कासियन सेफास या जावानीज छायाचित्रकाराने 1890-91 मध्ये सगळ्या पटांची छायाचित्रे घेतली आणि पायथा पुन्हा झाकला गेला. आज त्याचा आग्नेय कोपरा तेवढा उघडा आहे.

राजवाड्याबाहेर ही परंपरा खऱ्या अर्थाने जगवली ती जामूवाल्या बायकांनी. जामू म्हणजे मुळ्या, साली, पाने यांचे घरगुती औषध. पाठीवर बाटल्यांची टोपली उपरण्यासारख्या कापडाने बांधून दारोदार फिरणाऱ्या या बायकांना जामू गेंडोंग म्हणतात. हळद-चिंचेचा कुन्यित आसाम, तांदूळ आणि केंचुर या सुगंधी कंदाचा बेरास केंचुर ही त्यांची रोजची पेये. कुणाला काय द्यायचे हे त्या माणूस पाहून ठरवतात. डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने जामूची संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. या मानात टोपली वाहणाऱ्या बाईचा वाटा सर्वांत मोठा आहे असे मला मनापासून वाटते. लुलुर पाकिटात बसून दुकानात गेला तो 1970 च्या दशकात. सुराकार्ताच्या राजवाड्यात वाढलेल्या, तिथले राजे दहावे पाकुबुवोनो यांच्या नातीने, मूर्याती सुदिब्यो यांनी, याच दशकात 'मुस्तिका रातू' ही कंपनी उभी केली.

बालीचा बोरेह वेगळ्या गरजेतून आला. आले, लवंग, जायफळ, दालचिनी, गलांगल हा आल्यासारखा कंद आणि तांदूळ वाटून केलेला हा लेप अंगात ऊब आणतो. दिवसभर पाण्यात उभे राहून भात लावणाऱ्याच्या आखडलेल्या पोटऱ्यांना आणि पाठीला तो घरीच लावत. कांती उजळणे हा त्याचा हेतू नव्हता. बालीत वैदूला बलियान म्हणतात आणि औषधांच्या ताडपत्री पोथ्यांना उसादा, म्हणजे आपले 'औषध'च. 'तारू प्रमाण' या पोथीत झाडे स्वतः बोलतात: माझे पान थंड आहे, साल उष्ण आहे, अमुक दुखण्यावर मला वापरा.

पाण्याचेही तसेच. ताम्पाकसिरिंगजवळ तीर्ता एम्पुल हे दहाव्या शतकापासूनचे तीर्थस्थान आहे. तिथल्या धारांखाली लोक मलुकात करतात, म्हणजे शुद्धीचे स्नान. त्यात आधी प्रार्थना, मग पाणी. स्पातल्या फुलांच्या टबाशी त्याची गल्लत करू नये.

1966 मध्ये बालीच्या किनाऱ्यावर सानूरला दहा मजली बाली बीच हॉटेल झाले, 1969 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, आणि समुद्रकिनारी खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसणाऱ्या मालिशवाल्या बायका परदेशी पाहुण्यांना भेटू लागल्या. पुढे 1990 च्या दशकात मोठ्या हॉटेलांनी तेच हात आत नेले, शेजारच्या बेटावरून लुलुर आणला, गावातला बोरेह घेतला, आणि त्या सगळ्यावर खुरचाफ्याची फुले पसरली. हा चाफा मूळचा अमेरिकेतला. बालीत तो देवाला वाहतात, जावात मात्र हे झाड कबरस्तानात लावायची रीत आहे. लुलुरशी खरे नाते मोगऱ्याचे. त्याला तिथे मलाती म्हणतात, आपल्या 'मालती'वरूनच, आणि सोलोच्या नवरीच्या केसांत आजही त्याचेच गजरे असतात.